चावी बंद केल्यावर

सुंदरा रिक्षाची चावी फिरवून बंद करायची, पण इंजिन काही लगेच बंद व्हायचं नाही.

ती चावी काढून कमरेला खोचायची, उतरायची, पदर सारखा करायची, आणि मागच्या झाकणाखाली इंजिन आपलं चालूच. धक्. धक्. धक्. धक्. चार ठोके, कधी पाच. मग एक आचका देऊन गप्प. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत सगळ्यांना हे पाठ झालं होतं. धुडकू जाऊन सहा महिने झाले, त्याची रिक्षा आता बायको चालवते. ती आधी उतरते आणि धुडकू मागून आपल्या सवडीनं उतरतो, असं लोक म्हणायचे. हसत नाही म्हणायचे, बरं का. खालच्या आवाजात म्हणायचे.

धुडकूची आई पुष्पाबाई तर त्या ठोक्यांची वाटच बघत असायची. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरून तिचे कान गेले होते. रिक्षा दाराशी आली की म्हातारी ओट्यावरून उठायची, मागच्या पत्र्यावर तळहात टेकायची आणि डोळे मिटून ठोके मोजायची. शेवटचा ठोका झाला की तोंडभर हसून म्हणायची, "उना मना धुडकू." आला म्हणे तिचा धुडकू! यावर तिला कोण काय सांगणार?

हिलाल मिस्त्रीचं गॅरेज समोरच, गल्लीच्या तोंडाशी. हे रोज त्याच्या डोळ्यांदेखत चालायचं, आणि रोज त्याच्या हातातला पाना हातातच राहायचा.

आता मिस्त्री माणसानं इंजिनाच्या आवाजाला भ्यावं म्हणजे कमालच झाली. ते ठोके कुठून येतात हे हिलालला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानंच तिथे घातले होते. इंजिनात ठिणगी कधी पडावी याचं एक गणित असतं, त्याला टायमिंग म्हणतात. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. फार आधी पडली तर स्फोटाचा दणका वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच बसतो. फार उशिरा पडली तर ताकद जाते, इंजिन नुसतं तापतं, आणि चावी बंद केली तरी आतल्या लाल झालेल्या काजळीवर पेट्रोल आपोआप पेटत राहतं. सुंदराच्या रिक्षाची ठिणगी हिलालनं इतकी मागे नेऊन ठेवली होती, की दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. एवढं सगळं माहीत असूनही चौथ्या ठोक्याला त्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. त्या ठोक्यापाठोपाठ त्याला धुडकूचा आवाज ऐकू यायचा. "अजून काही?"

ही धुडकूची सवय. दोघं शिरपूरकडच्या एकाच गावचे, एकाच वर्षी सुरतेला आलेले. एक रिक्षा चालवायला लागला, एक दुरुस्त करायला. काम झालं की धुडकू सीटवर बसायचा, हँडलवर हात ठेवायचा आणि डॉक्टरला विचारावं तसं विचारायचा, "अजून काही?" हिलालनं जे सांगितलं ते तो अक्षर न् अक्षर पाळायचा. ऑइल रोज सकाळी बघ म्हटलं, तर त्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी ऑइल बघितलं जायचं.

दिवाळीच्या आधी धुडकूनं पांडेसऱ्याहून मार्केटपर्यंत कापडाचे ताके वाहायचं काम धरलं. ओझं भरपूर आणि वाटेत पुलाचा चढ. रिक्षा गॅसवरची, अडीनडीला कॉक फिरवून पेट्रोलवर चालणारी; चढावर ती धापा टाकायची. "हिलाल, जरा ओढ वाढवून दे ना भो," तो म्हणाला. आता गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश पेटतो, म्हणून गॅसच्या गाडीला ठिणगी थोडी लवकर चालते. हिलालनं ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या प्लेटचे दोन स्क्रू ढिले केले, प्लेट पुढे सरकवली, आणि मग, माणसाची हौस बघा, अजून सूतभर सरकवली. ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारी टायमिंग लाइट भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. तिच्याकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. चोवीस वर्षं तो नुसत्या कानावर टायमिंग लावत आला होता आणि त्याची त्याला घमेंड होती. रिक्षा अशी काही उसळली, की धुडकू लहान पोरासारखा हसला. मग सीटवर बसून त्यानं विचारलं, "अजून काही?"

सांगायचं एकच होतं. या सेटिंगवर पेट्रोलचा कॉक फिरवू नको. एवढं एकच वाक्य. पण सणाचे दिवस, मागे तीन रिक्षा हॉर्न मारत होत्या, आणि हिलाल म्हणाला, "काही नाही रे, पळ आता."

धुडकू पळाला. चौथ्या दिवशी गॅसपंपावर दोन तासांची लाइन होती, म्हणून त्यानं पेट्रोलचा कॉक फिरवला आणि ताके भरून पूल चढायला घेतला. इंजिन आतून टिणटिण वाजत असणार, स्टीलच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसं. ते कशाचं वाजतंय हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? पुलाच्या मध्यावर पिस्टनला भोक पडलं आणि रिक्षा उभी राहिली. धुडकू उतरून मागचं झाकण उघडायला गेला. तेवढ्यात मागून टेम्पो आला.

चेपलेली रिक्षा ओढून हिलालच्याच गॅरेजात आणली. इंजिन त्यानं एकट्यानं उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर रुपयाएवढं भोक बघितलं आणि त्याला आपली सूतभर हौस आठवली. बाहेर माणसं उभी होती. कोणीतरी विचारलं, "मिस्त्री, गाडीला झालं काय होतं?" आणि हिलालच्या तोंडून निघून गेलं, "ऑइल संपलं होतं. बघितलं नव्हतं कोणी."

निघून गेलं, असं आपण म्हणायचं. पण ते दुसऱ्या दिवशी परत घेता आलं असतं, दहाव्याला घेता आलं असतं, तेराव्याला घेता आलं असतं. त्यानं घेतलं नाही. पिस्टन फडक्यात गुंडाळून खाडीत टाकला, पत्रा ठोकून सरळ केला, नवा पिस्टन घातला आणि रिक्षा सुंदराला दिली. गल्लीनं ठरवून टाकलं, की धुडकू माणूस चांगला, पण निष्काळजी होता.

तेव्हापासून ती टिणटिण हिलालच्या मागे लागली. बायको रंजना चहात साखर ढवळायला लागली की तो ओरडायचा, "चमचा ठेव आधी खाली!" ती बापडी बघतच राहायची. येईल त्या रिक्षाची ठिणगी तो मागे नेऊन ठेवायला लागला. रिक्षावाले वैतागले. "हिलालच्या हातची गाडी म्हणजे पोटुशी म्हैस," असं तोंडावर बोलायला लागले. बोलोत. निदान टिणटिण तर नाही! आणि सगळ्यांत जास्त मागे नेली ती सुंदराच्या रिक्षाची. तिच्या गॅसच्या बाटल्याची, म्हणजे टाकीची, सरकारी टेस्ट रखडली होती, त्यामुळे ती महिनाभर पेट्रोलवरच होती. पेट्रोलचं नाव निघालं की दर वेळी हिलाल प्लेट अजून थोडी मागे ढकलायचा.

एक गोष्ट मात्र त्याला बघवत नसे. सकाळी रिक्षा काढायच्या आधी सुंदरा ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, बुडवून बघायची. मग परत. मग परत. तीनदा, कधी चारदा. नवी आहे, शिकतेय, असं हिलाल स्वतःला समजवायचा आणि तोंड फिरवायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं रिक्षा गॅरेजसमोर उभी केली. सुंदरा जळगाव शहरात वाढलेली, बोलणं शाळेच्या वळणाचं. त्यावरून सासू तिला आजही चिडवते. उन्हानं तिचा चेहरा रापला होता.

"हिलालभाऊ, उद्या यांची पहिली घागर भरायचीय. तुम्ही पितर बसाल ना?"

हिलालचा हात जागच्या जागी थांबला. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्याच्या नावानं घागर भरतात आणि त्याच्या वयाच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. त्या दुपारपुरता तो माणूस म्हणजे गेलेला माणूसच. त्याचे पाय धुतात, त्याच्याशी बोलतात, मनातलं सांगतात. माणसं कुठेही पोटाला गेली तरी हे सुटत नाही, सुरतेतही सुटलेलं नाही.

"वहिनी, मी कशाला? बमरोलीला त्याचा मावसभाऊ आहे की."

"तुम्हीच. तुमच्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं." तिनं आवाज खाली आणला. "आणि मला त्यांना एक सांगायचंय. दुसऱ्या कोणासमोर ते सांगता येणार नाही."

हिलालनं मान हलवली. नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड होतं कुठे?

"अजून एक. काल पुलावर गाडी अर्ध्यात मेली. मागे दोन बायका बसलेल्या. गाडी उलटी घसरायला लागली आणि मागे टेम्पो हॉर्नवर हॉर्न. ब्रेक दाबून दाबून पायाला गोळे आले माझ्या. जरा ओढ वाढवून द्या ना, भाऊ."

तोच पूल आणि तेच शब्द. टेम्पोपासून वाचवायला म्हणून त्यानं ठिणगी मागे नेली होती, आणि त्यामुळेच सुंदरा पुन्हा टेम्पोसमोर जाऊन उभी राहिली होती. "सण होऊ द्या, बघतो," तो कसाबसा म्हणाला.

ती सीटवर बसली, हँडलवर हात ठेवला आणि नवऱ्याची सवय उचलल्यासारखं म्हणाली, "अजून काही?"

हिलालनं तोंड उघडलं. "नाही," तो म्हणाला, आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत पाट मांडला होता. कोपऱ्यात लाल घागर, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. लोखंडी घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव. सुंदरानं हिलालचे पाय धुतले, तेव्हा त्याला ते ओढून घ्यावेसे वाटले. कपाळाला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. ताटात पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. पुष्पाबाई समोर बसली होती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेव रे धुडकू, उपाशी ऱ्हायना व्हशी."

हिलालनं मान खाली घातली, ताटाला हात लावला नाही.

सुंदरानं सगळ्या पदार्थांचा एकेक घास विस्तवावर ठेवला, वर तूप सोडलं. धूर झाला. मग ती पाटासमोर बसली, हात जोडले, आणि हिलालकडे न बघता, त्याच्यातून पलीकडे बघावं तशी बघत बोलायला लागली.

"ऐकताय ना? त्या दिवशी ऑइल मी बघितलं नाही."

हिलालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"रोज मीच बघायची. तुम्ही काच पुसायचा, मी पट्टी काढायची. त्या दिवशी चुलीवर चिवडा होता, करपेल म्हणून उठले नाही. तुम्ही विचारलंत, ऑइल बघितलं का? मी म्हटलं, हो. खोटं बोलले मी. मिस्त्रीनं सांगितलं ऑइल संपलं होतं, तेव्हाच मला कळलं. माझ्यामुळे गेलात तुम्ही. म्हणून रोज चावी बंद केल्यावर थांबता ना? मला आठवण द्यायला? कळतंय मला. सहा महिने डोळ्याला डोळा नाही. माफ करा, नाहीतर करू नका. पण आईंना हे कळू देऊ नका, एवढंच मागते."

पुष्पाबाईला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती आपली आमरसाच्या वाटीत चमचा फिरवत होती. टिण, टिण, टिण.

आता गंमत बघा, नशीब माणसाला कुठे आणून बसवतं. तो धुडकूच्या पाटावर बसला होता. ‘माफ केलं’, एवढे दोन शब्द बोलला असता तर तिची सुटका झाली असती, ती पाया पडली असती, आणि त्याचं पाप खाडीत गेलेल्या पिस्टनसारखं कायमचं बुडालं असतं. कोणाला कळणार होतं? शब्द ओठांपर्यंत आलेही.

पण ते बोलणार कोण होतं? धुडकू? एक वाक्य सांगायचं राहिलं म्हणून जो मेला, त्याच्याच तोंडानं हिलालनं बोलायचं?

"ऑइल पूर्ण होतं, वहिनी," तो म्हणाला.

सुंदराची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली.

"मी हातानं काढलं होतं. काठोकाठ. पिस्टनला भोक होतं. टायमिंग मी जास्त पुढे नेलं होतं, हौसेनं. पेट्रोलवर चालवू नको एवढं सांगायचं होतं. त्यानं विचारलंसुद्धा, अजून काही? मी म्हटलं, पळ. आणि मग भ्यालो. ऑइलचं खोटं सांगितलं. ते तुमच्यावर येऊन पडलं असेल हे... देवाशप्पथ, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते ठोके धुडकू नाही. मीच भीतीनं टायमिंग मागे नेलं, त्यानं इंजिन तापतंय."

विस्तवावरचं तूप तडतडलं.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. धुडकूही नाही. मी."

"परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

"मोठ्यानं. आईंना ऐकू गेलं पाहिजे. सहा महिने त्या आपल्या पोराला निष्काळजी समजतायत."

मग हिलाल ओरडला. बहिऱ्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि सणाचा दिवस, लूम बंद, गल्ली शांत. "माय! ऑइल व्हतं! धुडकू चुकना नही! मी चुकनू!" दारात माणसं जमली. समोर रंजना येऊन उभी राहिली. पुष्पाबाई त्याच्या ओठांकडे बघत होती. "मना पोऱ्या चुकना नही?" तिनं विचारलं. "नही, माय," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. म्हातारीनं त्याला जवळ घेतलं नाही.

सुंदरानं कमरेची चावी काढून त्याच्यासमोर टाकली. "उठा पाटावरून. आधी टायमिंग बरोबर करा. भीतीनं मागे नको आणि हौसेनं पुढे नको. बरोबर."

पितर न जेवता उठला. असं कोणी करत नाही. हिलाल कपाळावरच्या कुंकवासकट गॅरेजात गेला आणि खिळ्यावरची टायमिंग लाइट घेऊन आला. चावी लावून इंजिन चालू केलं. ऊन फार होतं, म्हणून पितराचा टॉवेल त्यानं आडोशाला धरला. त्या लाइटच्या उघडझापीत चाकावरची खूण फिरत असूनही थबकल्यासारखी दिसते. ती कंपनीनं केलेल्या खुणेपासून किती दूर होती ते बघून त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं प्लेट सरकवली, थोडी, अजून थोडी, आणि दोन्ही खुणा जुळल्यावर थांबला. त्यानं स्क्रू आवळले. या वेळी त्यानं कानाला काही विचारलं नाही.

सुंदरा सीटवर बसली. इंजिन स्वच्छ आवाजात चालत होतं. गल्ली बघत होती. ती हँडलवर हात ठेवून म्हणाली, "अजून काही?"

"हो," हिलाल म्हणाला. "हे पेट्रोलचं सेटिंग आहे. बाटला आला की गॅस भरायच्या आधी माझ्याकडे या. नाहीतर दुसऱ्या मिस्त्रीकडे जा, पण जा. एकदा गॅसचं सेटिंग केलं, की पेट्रोलवर ओझं घेऊन पूल चढायचा नाही. आणि कधीही आतून टिणटिण ऐकू आली, तर गाडी तिथेच कडेला घ्यायची. मागच्या झाकणाशी उभं राहायचं नाही."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग चावी फिरवली.

इंजिन तिथल्या तिथे बंद झालं. एकही ठोका नाही.

पुष्पाबाई कधी ओट्यावरून उतरली होती कोणाला कळलं नाही. तिचा तळहात मागच्या पत्र्यावर होता, डोळे मिटलेले. ती थांबली. अजून थांबली. हात जरा सरकवून दुसरीकडे ठेवून बघितला. हिलालला वाटलं, आपण धुडकूला आज दुसऱ्यांदा मारलं.

"गया," म्हातारी शेवटी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि मान वर केली. "हिलाल, जेवाले बठ. ताट वाट दखी ऱ्हायनं."

तिनं त्याला त्याच्या नावानं हाक मारली होती.

"आई म्हणतात म्हणून जेवा," सुंदरा म्हणाली. "मी वाढणार नाही."

हिलाल आत गेला. पाटावर बसला नाही, खाली फरशीवर बसला. गार झालेली पोळी त्यानं हातानं तोडली. एक घास खाल्ला, मग दुसरा घेतला.

उघड्या दारातून त्याला रिक्षा दिसत होती. सुंदरानं ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, बुडवून बघितली आणि परत जागेवर ठेवली. हिलाल घास हातात धरून थांबला. तिनं पट्टीला दुसऱ्यांदा हात लावला नाही. झाकण लावलं आणि हात धुवायला नळावर गेली.